मागल्या कामाची शिदोरी : सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या

वाचक हो, आपल्या पुणे शहरात आज हजारो तरुण संगणकाच्या पडद्यासमोर बसून पोट भरतात. हिंजवडी, खराडी, मगरपट्टा ही नावे आता शेतांची राहिलेली नाहीत, ती सॉफ्टवेअरची झाली आहेत. आपल्या संस्थेतून बाहेर पडणारी अनेक मुले-मुलीही त्याच वाटेने जाऊ पाहतात. त्या धंद्यातील जाणत्यांना विचाराल तर एक दुखणे ते हमखास सांगतील. एक काम पुरे होते, माणसे पांगतात, आणि पुढच्या कामाला बसलेली नवी माणसे तेच खड्डे पुन्हा खणतात व त्याच खड्ड्यांत पुन्हा पडतात. मागच्या कामात जे कळले ते पुढच्या कामाच्या हाती कसे द्यावे, हा त्या धंद्यापुढचा फार मोठा प्रश्न आहे.

या प्रश्नाचे उत्तर शोधायला दूरदेशी जाण्याचे कारण नाही. संगणकाचे नावही कोणी ऐकलेले नव्हते त्या काळात, याच पुण्यात शिकलेल्या आणि याच पुण्याच्या धरणावर काम केलेल्या एका अभियंत्याने ते आपल्या हयातीने देऊन ठेवले आहे. त्यांचे नाव सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. दरवर्षी १५ सप्टेंबरला, त्यांच्या जन्मदिनी, आपल्या देशात अभियंता दिन पाळला जातो. त्या दिवशी तसबिरीला हार घातला जातो, भाषणे होतात आणि त्यांचा मोठेपणा सांगितला जातो. परंतु तो मोठेपणा कशात होता हे मात्र क्वचितच उलगडून सांगितले जाते. या चार पानांत तेवढाच प्रयत्न करावयाचा आहे.

विश्वेश्वरय्यांचा जन्म म्हैसूर संस्थानातील चिक्कबळ्ळापूरजवळच्या मुद्देनहळ्ळी या खेड्यात झाला. साल १८६१ मानले जाते. वडील श्रीनिवासशास्त्री हे संस्कृतचे पंडित होते. घरात विद्या होती, पैसा नव्हता. वडिलांचे छत्र लहानपणीच हरपले. बंगळूरच्या सेंट्रल कॉलेजात शिकताना या मुलाने शिकवण्या करून आपला खर्च भागविला. पदवी मिळाल्यावर म्हैसूर सरकारची शिष्यवृत्ती लाभली आणि तो पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये दाखल झाला. आज शिवाजीनगरला मुळा-मुठेच्या काठी जी अभियांत्रिकीची विद्यासंस्था उभी आहे, तीच हे कॉलेज. १८८३ साली अभियांत्रिकीच्या अंतिम परीक्षेत त्यांनी साऱ्या मुंबई इलाख्यात पहिला क्रमांक पटकाविला. शिष्यवृत्तीच्या आधाराने शिकणाऱ्या आमच्या मुलांनी हे आवर्जून ध्यानात ठेवावे. पुण्याने त्यांना जे दिले त्याची परतफेड पुण्याला व्याजासह मिळाली.

१८८४ साली ते मुंबई सरकारच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात साहाय्यक अभियंता म्हणून रुजू झाले. आधी नाशिक, मग खानदेश. धुळे भागात पांझरा नदीवर नळाचा सायफन बांधण्याचे काम त्यांच्याकडे आले. पावसाळा, पुराचे पाणी, वाहून येणारी वाळू, आणि वरून साहेबाची निकड! अशा अवस्थेत ते काम त्यांनी तडीस नेले. नदी वरून कशी दिसते आणि वाळूखाली तिचे पाणी कसे वागते, याचा पहिला धडा तरुण विश्वेश्वरय्यांना अशा कामांत मिळाला असला पाहिजे. पुढे जे घडले ते पाहिले म्हणजे असे वाटल्यावाचून राहत नाही.

पुढे म्हणजे सिंध प्रांतातील सक्कर येथे. १८९४च्या सुमारास त्या शहराला पाणी पुरविण्याची कामगिरी त्यांच्यावर सोपविण्यात आली. सक्कर सिंधू नदीच्या काठी आहे, म्हणजे पाण्याला तोटा नाही. पण ते पाणी गढूळ. ते गाळून स्वच्छ करण्यासाठी मोठाली गाळणकुंडे बांधावयाची तर नगरपालिकेच्या तिजोरीत तेवढा पैसा नाही. विश्वेश्वरय्यांनी काय केले? नदीच्या पात्रातच, वाहत्या धारेपासून काही अंतरावर, वाळूत एक विहीर खोदविली आणि तिच्या तळातून धारेच्या दिशेने नदीखाली भुयार नेले. वाळूच्या थरांतून झिरपत आलेले पाणी आपोआप गाळले गेले. तेच पंपाने वर चढवून शहराला दिले. गाळणकुंडाचे काम नदीच्या वाळूनेच केले आणि नगरपालिकेचा पैसा वाचला.

आता इथे थोडे थांबा. एखादा सामान्य अधिकारी काम संपल्यावर शाबासकी घेऊन बदलीच्या गावी गेला असता व सक्करची विहीर सक्करलाच राहिली असती. विश्वेश्वरय्यांचे तसे नव्हते. बारा वर्षांनी, १९०६ साली, अरबस्तानच्या टोकावरील एडन या बंदराच्या पाणीपुरवठ्याचा प्रश्न सोडविण्यासाठी सरकारने त्यांना तिकडे धाडले. एडन म्हणजे उघडा खडक. पाऊस नावालाच. समुद्राचे खारे पाणी गोडे करून लष्कराला व वस्तीला पुरवावे लागे. विश्वेश्वरय्यांनी आसपासचा मुलूख पाहिला. दूरच्या डोंगरांत पडणारा पाऊस लहेजच्या बाजूने येणाऱ्या नदीच्या वाळूत मुरतो, हे त्यांनी हेरले आणि त्या कोरड्या दिसणाऱ्या पात्रात विहिरी घेऊन ते पाणी एडनला आणावे अशी योजना मांडली. सक्करला नदी भरून वाहत होती आणि लहेजला ती वरून कोरडी होती. दोन्ही ठिकाणी दिसणारा देखावा अगदी उलटा, पण वाळूखालचा नियम एकच. मागल्या कामातून काय उचलावयाचे व काय सोडून द्यावयाचे याचा विवेक तो हाच. त्यांनी विहिरीचा आराखडा उचलला नाही, विहिरीमागचे तत्त्व उचलले.

मधल्या काळात ते पुण्याला आले होते. १८९९ साली पुणे जिल्ह्याच्या पाटबंधाऱ्यांचे कार्यकारी अभियंता म्हणून त्यांची नेमणूक झाली. या काळात न्यायमूर्ती रानडे, गोपाळ कृष्ण गोखले अशा पुण्यातील थोर मंडळींशी त्यांचा परिचय होता. त्यांच्यापुढे दोन प्रश्न होते, एक धरणाचा आणि दुसरा शेताचा.

धरण म्हणजे आपले खडकवासला. त्या काळी त्याच्या जलाशयाला कर्नल फाइफ या अभियंत्यावरून लेक फाइफ म्हणत. पुणे शहर, लष्कराची छावणी व मुठा कालव्यावरील शेती ही सारी त्या पाण्यावर अवलंबून. पावसाळ्यात धरण भरले की जादा पाणी सांडव्यावरून वाहून जाई आणि उन्हाळ्यात पाण्याची ओढ पडे. अधिक पाणी साठवावयाचे तर धरण उंच करावयास हवे. पण जुन्या भिंतीवर जास्त भार टाकणे धोक्याचे. सांडव्यावर साधे दरवाजे बसवावे तर अवचित आलेल्या पुरात, रात्री-अपरात्री, ते उघडणार कोण? एका माणसाची डुलकी शहराच्या जिवावर बेतायची.

विश्वेश्वरय्यांनी स्वयंचलित दरवाजे योजिले. वजनांनी तोलून धरलेले हे दरवाजे एरवी बंद राहून पाणी अडवीत. पाण्याची पातळी ठरलेल्या रेषेच्या वर गेली की पाण्याच्याच जोराने ते उघडत व जादा पाणी निघून जाई. पातळी उतरली की आपोआप मिटत. भिंत न वाढविता साठा वाढला आणि पुराची जोखीमही आटोक्यात राहिली. १९०३ साली हे दरवाजे लेक फाइफवर बसले. त्यांनी या कल्पनेचे पेटंट घेतले खरे, पण ज्या धरणाचे आपण स्वतः अधिकारी आहोत त्यासाठी सरकारकडून मानधन घेणे त्यांना रुचले नाही आणि त्यांनी ते घेतले नाही.

शेताचा प्रश्न नीरा कालव्याचा होता. कालव्याच्या वरच्या अंगाचे बागाईतदार उसाला वाटेल तेवढे पाणी देत. त्यामुळे जमिनी चिबड होत आणि खालच्या अंगाच्या शेतकऱ्याला पाणी पोहोचतच नसे. विश्वेश्वरय्यांनी जमिनीचे गट पाडले. प्रत्येक गटात एक भाग उसाला, एक भाग भातासारख्या मध्यम पाण्याच्या पिकाला, एक भाग कमी पाण्याच्या पिकाला, आणि तीन वर्षांत हे भाग फिरते ठेवावयाचे, अशी त्यांची योजना होती. हीच पुढे ब्लॉक पद्धती म्हणून प्रसिद्ध झाली. शेतकरी आरंभी साशंक होते. नवी पद्धत म्हणजे सरकारची काही तरी नवी चाल, असे कोणाला वाटणार नाही? विश्वेश्वरय्यांनी त्यांच्याशी बोलून, हिशेब समजावून त्यांचे मन वळविले.

वाचक हो, ही दोन्ही कामे पुण्यात जन्मली, पण पुण्यातच राहिली नाहीत. तसे स्वयंचलित दरवाजे पुढे ग्वाल्हेर संस्थानातील टिगरा धरणावर आले आणि म्हैसूर संस्थानात कावेरीवर उभ्या राहिलेल्या कृष्णराजसागर धरणावरही आले. नीरेकाठची पीकवाटणी कावेरीकाठी त्यांच्या उपयोगी पडली. एका कामाचे फळ दुसऱ्या कामाचे बी झाले.

या साखळीतील हैदराबादचा दुवा आपल्या वाचकांना विशेष जिव्हाळ्याचा वाटेल. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदीला महापूर आला. शहराची धूळधाण झाली व हजारो माणसे दगावली. त्याच सुमारास विश्वेश्वरय्यांनी मुंबई सरकारची नोकरी स्वेच्छेने सोडली होती व ते परदेशी प्रवासात होते. सहावे निझाम मीर महबूब अली खान यांच्या सरकारने त्यांना पाचारण केले आणि १९०९ साली त्यांनी हैदराबादेत काम हाती घेतले.

पूर का आला, हा पहिला प्रश्न. त्याचे उत्तर त्यांनी अंदाजाने दिले नाही. किती तासांत किती पाऊस पडला, वरच्या पाणलोटात शेकडो लहानमोठे तलाव होते त्यांतील कोणते फुटले, फुटलेल्या तलावांचे पाणी एकावर एक कसे आदळले, याचा त्यांनी छडा लावला. मग त्यांनी सांगितले की, शहरात नदीला नुसत्या भिंती घालून भागणार नाही, पूर शहराच्या वरच अडविला पाहिजे. त्यांच्या योजनेतून मुसीवर उस्मानसागर आणि तिच्या ईसी या उपनदीवर हिमायतसागर असे दोन जलाशय उभे राहिले. पहिला १९२० साली पूर्ण झाला, दुसरा १९२७ साली. पूर अडविण्यासाठी बांधलेल्या या जलाशयांनी पुढे अनेक दशके हैदराबादची तहानही भागविली.

आणखी एक गोष्ट इथे ध्यानात घ्या. हे जलाशय पूर्ण होताना विश्वेश्वरय्या हैदराबादेत नव्हते. १९०९ सालीच ते म्हैसूरचे मुख्य अभियंता होऊन गेले होते. तरीही काम अडले नाही, कारण ते त्यांच्या डोक्यात राहिले नव्हते, अहवालात उतरले होते. मोजमापे, कारणे, पर्याय आणि खर्च सारे कागदावर होते. हैदराबादच्या अभियंत्यांनी त्यावर पुढची इमारत चढविली. त्या पिढीतील नवाब अली नवाज जंग बहादूर हे नाव आपल्या मुलांना ठाऊक असावयास हवे. मांजरा नदीवरील निझामसागर हे त्यांचे मोठे काम. त्यांच्या जन्मदिनी, ११ जुलैला, तेलंगण राज्यात अभियंता दिन साजरा होतो. १९२९ साली मुंबई सरकारने सिंधमधील सक्कर बराजच्या योजनेची तपासणी विश्वेश्वरय्या आणि अली नवाज जंग या दोघांकडे सोपविली. ज्या सक्करमध्ये पस्तीस वर्षांपूर्वी एका तरुण अभियंत्याने वाळूत विहीर खोदली, तिथलेच काम दोन अनुभवी माणसांच्या नजरेखाली आले. जुन्या अनुभवाला मान देणारे राज्यकर्ते असले म्हणजे असे योग जुळून येतात.

कृष्णराजसागरचे काम १९११ साली सुरू झाले. धरणाची लांबी सुमारे ८,६०० फूट आणि उंची सुमारे १३० फूट. त्या काळी आपल्या देशात सिमेंट दुर्मीळ व महाग होते. मग हे अजस्र बांधकाम कशात केले? चुना आणि सुरखी यांत. भाजलेल्या विटांची पूड चुन्यात घालून घाणीत मळलेला तो मसाला. सुरखी हा शब्दच फारसीतला. कितीएक मशिदी, मकबरे, किल्ले व हौद ज्या मसाल्यावर शतकानुशतके उभे आहेत तो गवंड्यांच्या घरचा जुना मसाला. विलायती ग्रंथ वाचलेल्या अभियंत्यांना या देशी कारागिरांच्या ज्ञानाचे वावडे नव्हते. जुने म्हणून टाकले नाही आणि जुने म्हणून पुजलेही नाही. पारखून घेतले आणि वापरले.

याच जागी एक मोठी बोलकी गोष्ट घडली. धरणाच्या कामात टिपू सुलतानाच्या काळातील एक फारसी शिलालेख मिळाला. तो आजही धरणाजवळ पाहावयास मिळतो. अठराव्या शतकाच्या अखेरीस सुलतानाने कावेरीवर बांध घालण्याचा संकल्प केला होता आणि त्या पाण्यावर नवी जमीन लागवडीस आणणाऱ्याला सवलत देऊ केली होती, असे त्यावरून कळते. ते काम सिद्धीस गेले नाही. विसाव्या शतकातील धरण नव्या आराखड्याने, नव्या अभियंत्यांनी बांधले, याविषयी शंका नसावी. पण विचार करा. शंभरावर वर्षांपूर्वी त्याच नदीवर कोणी तरी पाहणी केली असेल, पाणी मोजले असेल, खडक तपासला असेल. दगडावर हेतू कोरला गेला म्हणून हेतू उरला. त्या शिलालेखातून मोजमापे मात्र कळत नाहीत, म्हणून नव्या माणसांना ती पुन्हा पहिल्यापासून घ्यावी लागली.

१९१२ साली महाराजांनी विश्वेश्वरय्यांना दिवाण केले. दिवाणगिरीच्या सहा वर्षांत म्हैसूर बँक, म्हैसूर विद्यापीठ, बंगळूरचे अभियांत्रिकी महाविद्यालय अशा संस्था उभ्या राहिल्या. संस्था म्हणजे तरी काय? एका पिढीला कळलेले दुसऱ्या पिढीला सांगण्याची सोय. १९१५ साली त्यांना सर ही पदवी मिळाली.

त्यांच्या चरित्रातील एक वादाचा भागही सांगितला पाहिजे. १९१८ साली म्हैसूर दरबाराने मागासलेल्या समाजांना, त्यांत मुसलमानांनाही, सरकारी नोकऱ्यांत अधिक वाटा मिळावा म्हणून सर लेस्ली मिलर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. विश्वेश्वरय्यांना हे धोरण पसंत नव्हते. नेमणूक केवळ गुणवत्तेवर व्हावी असे त्यांचे मत, आणि या मतभेदातून त्यांनी दिवाणपद सोडले. या संस्मरणिकेच्या पुष्कळ वाचकांना त्यांचे हे मत पटणार नाही, आणि न पटण्यास सबळ कारणे आहेत. ज्ञान काही मोजक्या घरांतच फिरत राहिले तर बाहेरच्या मुलाची गुणवत्ता दिसणार कशी व कोणाला? ज्यांनी आयुष्यभर एका गावचे ज्ञान दुसऱ्या गावी पोहोचविले त्यांना हा बंद दरवाजा पुरता दिसला नाही, असे म्हणणे अनादराचे होऊ नये. थोर माणसाचे सारेच शिरोधार्य मानावे असे नाही. त्यांच्या कामाला लावावयाचा पारखीचा नियम त्यांच्या मतांनाही लावावा.

नंतरचे आयुष्य त्यांनी लिहिण्यात, सल्ला देण्यात व देश हिंडण्यात घालविले. वयाच्या नव्वदीत, १९५१ साली, त्यांनी आपल्या कामकाजाच्या आठवणींचे इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात घरगुती गोष्टी थोड्या आणि कामाच्या गोष्टी फार. कोणती अडचण आली, काय केले, परिणाम काय झाला. १९५५ साली त्यांना भारतरत्न हा सर्वोच्च बहुमान मिळाला. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, त्या लोंढ्याने खडकवासल्याचे धरणही फोडले आणि पुण्यात हाहाकार उडाला. तेव्हा विश्वेश्वरय्या शंभरीच्या घरात होते. आज आपण पाहतो ते खडकवासला त्यानंतर पुन्हा बांधून काढलेले. दगडाचे काम कितीही भक्कम असो, ते जाऊ शकते. त्यामागचे ज्ञान लिहून ठेवलेले आणि चार ठिकाणी वापरलेले असेल तर ते जात नाही. एप्रिल १९६२ मध्ये बंगळूर येथे त्यांचे देहावसान झाले.

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे वळू. या साऱ्याचा सॉफ्टवेअरशी संबंध काय?

संबंध अगदी जवळचा आहे. विश्वेश्वरय्यांच्या आठवणी प्रसिद्ध झाल्या त्याच १९५१ साली केंब्रिजचे विल्क्स, व्हीलर आणि गिल या तिघांचे संगणकाच्या आज्ञावल्या कशा तयार कराव्या यावरचे पुस्तक निघाले. एकदा लिहून तपासलेले आज्ञावलीचे तुकडे एखाद्या ग्रंथालयासारखे जपावेत व पुढच्या कामात तेच वापरावेत, ही त्यातली मुख्य गोष्ट. म्हणजे हा धंदा जन्मला तेव्हाच मागल्या कामाच्या शिदोरीचे महत्त्व त्याला कळले होते. १९७६ पासून अमेरिकेच्या नासा संस्थेने एक प्रयोगशाळा चालवून सॉफ्टवेअर प्रकल्पांची नोंद ठेवण्याचा परिपाठ सुरू केला. अंदाज किती होता, प्रत्यक्ष वेळ किती लागला, चुका कुठे व कशामुळे निघाल्या, हे टिपून पुढच्या प्रकल्पाची आखणी त्यावरून करावयाची. मुसीच्या पुराची कारणे शोधणाऱ्या अभियंत्याला ही पद्धत परकी वाटली नसती.

आणि सक्कर-एडनचा विवेक विसरला तर काय होते? ४ जून १९९६ रोजी युरोपचे एरियान-५ हे नवे अग्निबाण पहिल्याच उड्डाणात चाळीसेक सेकंदांत भरकटले व त्याचा स्फोट झाला. चौकशीत आढळले की, दिशा सांगणाऱ्या यंत्रणेतील आज्ञावलीचा एक भाग आधीच्या एरियान-४ वरून जसाच्या तसा घेतला होता. जुन्या बाणाच्या वेगाला तो पुरेसा होता. नव्याचा आडवा वेग जास्त, त्यामुळे तो आकडा ठरलेल्या जागेत मावेना आणि यंत्रणा बंद पडली. विशेष म्हणजे आज्ञावलीच्या त्या भागाची नव्या बाणाला उड्डाणानंतर गरजच नव्हती. तुकडा जपला गेला, पण तो कोणत्या मर्यादेत खरा आहे ही अट कोणी नव्याने तपासली नाही. नक्कल करणे निराळे आणि अनुभव वापरणे निराळे, हे याहून ठसठशीत कसे सांगावे?

आपल्या समाजाला यात आणखी एक विचार करण्याजोगे आहे. आपल्याकडे हुन्नर फार, कागद थोडा. गवंडी, सुतार, लोहार, विणकर, मोटार दुरुस्त करणारे मिस्त्री यांचे ज्ञान उस्तादाकडून शागिर्दाकडे हाताने आणि नजरेने गेले. शागिर्द चांगला मिळाला तर ते वाढले, न मिळाला तर उस्तादाबरोबर कबरीत गेले. कलमाची थोरवी ज्या घरांत लहानपणीच शिकवली जाते, त्या घरांत हे होऊ नये. नवव्या शतकात बगदादच्या अल् ख्वारिज्मीने हिंदुस्थानची अंकपद्धती अभ्यासून ग्रंथात मांडली, ती पुढे युरोपात गेली, आणि आज संगणकशास्त्रात ज्या शब्दावाचून पान हलत नाही तो अल्गोरिदम हा शब्द त्याच्याच नावावरून आला. त्याने ते लिहिले म्हणून आपल्याला मिळाले.

तेव्हा विद्यार्थी मित्रांनो, एवढे करा. कॉलेजातला शेवटच्या वर्षाचा प्रकल्प असो, कंपनीतले पहिले काम असो किंवा घरच्या दुकानाचा हिशेब संगणकावर बसविणे असो, काम संपले की लगेच उठू नका. एक वही काढा. काय ठरविले होते, काय झाले, कुठे अडले, कशाने सुटले, आणि आपले हे उत्तर कोणत्या परिस्थितीत लागू आहे व कोणत्या परिस्थितीत नाही, हे साध्या भाषेत लिहा. शेवटचे कलम सर्वांत महत्त्वाचे. दरवर्षी प्रकल्पांचे अहवाल बांधले जातात, कपाटात जातात आणि पुढची तुकडी ते न उघडता पुन्हा शून्यापासून आरंभ करते. शिक्षकांनी नव्या प्रकल्पाला परवानगी देण्यापूर्वी एकच गोष्ट विचारावी : मागच्या तीन वर्षांतील कोणता अहवाल वाचलास आणि त्यातून काय घेतलेस? पालकांनीही मुलाच्या गुणांबरोबर त्याची वही पाहावी.

विश्वेश्वरय्यांना पुण्यातून म्हैसूर-हैदराबादकडे जाताना सोबत काय नेता आले? धरण नेता आले नाही, कालवा नेता आला नाही. त्यांनी नेली ती कामातून कमावलेली व कागदावर उतरविलेली समज. आपली मुलेही उद्या पुण्यातून कुठे कुठे जातील. त्यांच्या हाती तशी शिदोरी देणे हे शिक्षणसंस्थेचे आणि आपणा सर्वांचे काम आहे.